अमेरिकेतली हेल्मेट सक्ती आणि ती उठवण्यासाठी लढणारे दुचाकीस्वार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा पुण्याचा. गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर जमेल तेव्हा बाईक चालवतो. आमच्याकडे सर्वांना हेल्मेट सक्तीचं आहे. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलं की पुलापलीकडच्या पहिल्या पेट्रोल पंपावर काही जण थांबतात, हेल्मेट काढतात, मागच्या सीटला बांधतात आणि पुढे निघतात. हे दृश्य पाहिलेले पाहुणे, गणेशोत्सवात भेटणारे नवे रायडर आणि पुण्याहून फोन करणारे मित्र मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी स्वतः हेल्मेटशिवाय गाडीवर बसत नाही आणि कुणी बसू नये असंच मला वाटतं. तरीही सक्तीविरोधी चळवळीचं म्हणणं मी जसं आहे तसं मांडलं आहे, कारण ते नीट समजून न घेता केलेला वाद फुकट जातो.

१. अमेरिकेत हेल्मेट सक्तीचं आहे की नाही? एकदाच काय ते सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण हा विषय राज्यांच्या हातात आहे. १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये चालवणारा आणि मागे बसणारा अशा सर्वांना हेल्मेट बंधनकारक आहे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, टेनेसी ही त्यांतली काही. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशर या ३ राज्यांत मोटरसायकलस्वाराला हेल्मेटचा कायदाच नाही. उरलेल्या ३० राज्यांत सक्ती अर्धवट आहे : कुठे १८ वर्षांखालच्यांना, कुठे २१ वर्षांखालच्यांना, शिवाय काही ठिकाणी विम्याच्या किंवा प्रशिक्षणाच्या अटी (त्यांच्याबद्दल प्रश्न ९).

२. एवढा प्रगत देश, मग केंद्र सरकार सगळीकडे एकच कायदा का करत नाही?

तसा प्रयत्न झाला होता आणि जवळजवळ यशस्वीही झाला होता. रहदारीचे नियम करणं हे अमेरिकेत राज्यांचं काम आहे, पण महामार्गांसाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात केंद्राकडून येतो. १९६६ साली अमेरिकी संसदेने महामार्ग सुरक्षा कायदा केला. केंद्राने ठरवलेले सुरक्षेचे निकष जी राज्यं पाळणार नाहीत त्यांचा निधी कापता येईल, अशी त्यात तरतूद होती. त्या निकषांत हेल्मेटही आलं. निधी कोणाला नको असतो? १९७५ पर्यंत ४७ राज्यांत आणि राजधानीत सर्वांसाठी हेल्मेट सक्ती झाली होती. कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि युटा ही तीन राज्यं तेवढी अडून बसली होती, आणि त्यांचाच निधी रोखण्याची तयारी परिवहन खात्याने सुरू केली, तेव्हा ठिणगी पडली.

म्हणजे सक्ती आली ती लोकांना पटवून नव्हे, तिजोरीच्या चावीवर. चळवळीला सगळ्यात मोठं बळ या एका गोष्टीने दिलं असं मला वाटतं. हेल्मेटबद्दल ज्यांना काहीच म्हणायचं नव्हतं, अशा माणसांनाही ‘दिल्लीने मुंबईला दमात घ्यावं’ तसला हा प्रकार खुपला.

३. ही चळवळ उभी कोणी केली?

मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांनी. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन ही १९२४ पासूनची जुनी संस्था. शर्यती भरवणारी, सभासदांची, कागदपत्रांत पक्की. तिची भूमिका आजही अशी आहे की हेल्मेट जरूर वापरा, पण प्रौढ माणसावर त्याची सक्ती नको.

दुसरी फळी रांगडी होती. ‘ईझीरायडर्स’ नावाचं कस्टम बाईकवाल्यांचं मासिक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं आणि त्याच्या आसऱ्याने ‘एबेट’ ही संघटना उभी राहिली. या आद्याक्षरांचा मूळ अर्थ ‘हुकूमशाही कायद्यांविरुद्ध बंधुसंघ’ असा होता. पुढे राज्याराज्यांत तिच्या स्वतंत्र शाखा झाल्या, आणि अनेक शाखांनी नावातली आद्याक्षरं तीच ठेवून अर्थ बदलला. त्यात ‘प्रशिक्षण’ हा शब्द आला. हा बदल वरवरचा नव्हता. या शाखा खरोखरच बाईक चालवण्याचे वर्ग घेतात, मोटारचालकांनी दुचाकीकडे लक्ष द्यावं म्हणून फलक लावतात. अपघात टाळा, म्हणजे हेल्मेटचा प्रश्नच येत नाही, हे त्यांचं आवडतं म्हणणं.

लांब केसांची, कातडी जाकिटातली ही माणसं पाहून आमदार सुरुवातीला दचकत. पण ती मतदार होती, एका हाकेला शेकडोंनी विधानभवनासमोर गाड्या लावत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत.

४. १९७६ मध्ये नक्की काय झालं? सगळे त्याच वर्षाचा उल्लेख करतात.

त्या वर्षी चळवळीने आपली सगळ्यात मोठी लढाई जिंकली. संसदेत त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक पाहिले तर नवल वाटतं. कॅलिफोर्नियाचे उदारमतवादी सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन आणि नॉर्थ कॅरोलायनाचे कट्टर परंपरावादी जेसी हेल्म्स यांचं बाकी कशावर एकमत होणं कठीण. पण ‘राज्यांना पैशाचा धाक दाखवू नका’ या मुद्द्यावर दोघे एका बाजूला होते. एकाला व्यक्तीचं स्वातंत्र्य महत्त्वाचं, दुसऱ्याला राज्यांचे अधिकार. विधेयक मंजूर झालं, मे १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची सही झाली आणि हेल्मेटसाठी निधी रोखण्याचा केंद्राचा अधिकार गेला.

पुढची चार वर्षं पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी गेली. १९८० पर्यंत निम्म्याहून जास्त राज्यांनी आपले कायदे रद्द तरी केले किंवा फक्त अल्पवयीनांपुरते ठेवले. ज्या राज्यांनी केवळ निधीसाठी कायदा केला होता, त्यांना तो ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

५. ते हेल्मेटच्या विरोधात आहेत की सक्तीच्या?

विचारलं तर जवळजवळ सगळे ‘सक्तीच्या’ असंच उत्तर देतात, आणि अनेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. माझ्या ओळखीत असे रायडर आहेत जे रोज हेल्मेट घालतात आणि सक्ती उठवण्याच्या निवेदनावर सहीही करतात. त्यांचा युक्तिवाद असा : माझ्या डोक्याला इजा झाली तर ती माझी. दारू, सिगारेट, गिर्यारोहण, घोडेस्वारी यांतही माणसं मरतात. तिथे सरकार प्रौढ माणसाला विचारत नाही, मग इथेच का?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकात जो विचार मांडला, की माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, त्याचंच हे रस्त्यावरचं रूप. मात्र चळवळीतले काही जण इथे न थांबता ‘हेल्मेटमुळेच मान मोडते’ वगैरे सांगू लागतात. तिथे मी त्यांच्यासोबत नाही. स्वातंत्र्याचा मुद्दा मांडायला खोट्या वैद्यकाची गरज नसते (प्रश्न ११).

६. कोर्टाने त्यांना कधी न्याय दिला का?

अगदी सुरुवातीला दिला, आणि म्हणूनच आशा वाढल्या. १९६८ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने अमेरिकन मोटरसायकल असोसिएशन विरुद्ध डेव्हिड्स या खटल्यात राज्याचा हेल्मेट कायदा घटनाबाह्य ठरवला. १९६९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्राइज खटल्यात तेच केलं : जो कायदा फक्त घालणाऱ्याचंच रक्षण करतो, तो करण्याचा अधिकार सरकारला नाही. इलिनॉयमध्ये आजही कायदा नाही, त्याची सुरुवात तिथून झाली. मिशिगनने मात्र १९६९ मध्येच नवा कायदा आणला.

बाकी राज्यांची न्यायालयं उलट गेली. सुरुवातीला त्यांनी एक जरा ओढूनताणून आणलेलं कारण दिलं : रस्त्यावरचा दगड उडून डोक्याला लागला तर चालकाचा ताबा सुटेल आणि दुसऱ्या कोणाला तरी धडक बसेल, म्हणून हेल्मेटने इतरांचंही रक्षण होतं. खरं सांगायचं तर या कारणावर कोणाचाच फारसा विश्वास नसावा. १९७२ मध्ये सायमन विरुद्ध सार्जंट या मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात संघीय न्यायालयाने सरळ मुद्द्याला हात घातला. अपघातात पडलेल्या माणसाला उचलणारी रुग्णवाहिका समाजाची, रुग्णालय समाजाचं, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याचा व त्याच्या कुटुंबाचा भार पुन्हा समाजावर. मग ‘माझं डोकं, माझा प्रश्न’ हे कुठे उरलं? देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी वेगळं निकालपत्र न लिहिता हा निर्णय कायम केला.

खासगीपणाच्या हक्काचा रस्ता १९८९ मध्ये बंद झाला. फ्लोरिडाच्या पिकू विरुद्ध गिलम या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावर हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा घटनेने राखलेला खासगी हक्क नाही. निकाल लिहिणारे होते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती लुईस पॉवेल.

चळवळीतल्या शहाण्या लोकांनी यातून धडा घेतला. घटनेच्या नावाने दाद मागणं त्यांनी कमी केलं आणि विधिमंडळांकडे मोर्चा वळवला. आजपर्यंत जिथे जिथे सक्ती उठली, तिथे जवळजवळ सगळीकडे ती आमदारांच्या मतांनी उठली.

७. म्हणजे कोर्टात नंतर काहीच मिळालं नाही?

एका वेगळ्याच बाजूने मिळालं. कायदा म्हणतो ‘मान्यताप्राप्त हेल्मेट घाला’. पण मान्यताप्राप्त कोणतं, हे रस्त्यावर उभ्या पोलिसाला आणि घालणाऱ्याला कळणार कसं? केंद्राचा २१८ क्रमांकाचा मानक निर्मात्याला लागू होतो, आणि निर्माताच स्वतःच्या मालाला प्रमाणित करून ‘डीओटी’चा (म्हणजे केंद्राच्या परिवहन खात्याच्या आद्याक्षरांचा) स्टिकर लावतो. कॅलिफोर्नियात सक्ती आली तेव्हा टाळूला चिकटलेली, वाटीसारखी हलकी हेल्मेटं घालून लोक फिरू लागले आणि महामार्ग पोलीस पावत्या फाडू लागले.

१९९३ मध्ये कायदा मोघम आहे ही तक्रार राज्याच्या अपील न्यायालयाने फेटाळली. पण ईझीरायडर्सच्या संघटनेने केलेल्या खटल्यात १९९६ साली संघीय अपील न्यायालयाने पोलिसांचा हात आवरला. स्टिकर असलेलं हेल्मेट विकत घेणाऱ्याला ते निकषात बसत नाही हे ठाऊक होतं, असं मानायला कारण असल्याशिवाय त्याला दंड करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. कायदा टिकला, पण त्याची अंमलबजावणी ढिली झाली.

दुकानात पाहताना साधी खूण लक्षात ठेवा. निकषातलं हेल्मेट साधारण सव्वा किलोच्या पुढे भरतं आणि आतला टणक फोम इंचभर जाड असतो. अर्धा किलोच्या आतबाहेर असेल आणि आत नुसतं कापड असेल, तर त्यावर कुठलाही स्टिकर असो, डोकं त्याच्या भरवशावर सोडू नका.

८. नव्वदच्या दशकात केंद्राने पुन्हा प्रयत्न केला होता ना?

केला, आणि तोही चारच वर्षं टिकला. १९९१ च्या वाहतूक कायद्यात गाजर आणि छडी दोन्ही होतं. हेल्मेट आणि सीट बेल्ट हे दोन्ही कायदे करणाऱ्या राज्यांना अनुदान. न करणाऱ्यांचा महामार्ग निधीचा काही हिस्सा (आधी दीड टक्का, पुढे ३ टक्के) रस्ते बांधणीतून काढून सुरक्षा कार्यक्रमांकडे वळवायचा. या वेळी पैसे जात नव्हते, त्यांचा खर्चाचा रकाना बदलत होता. त्यामुळे बहुतेक राज्यांनी दाद दिली नाही.

नोव्हेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात ही तरतूद गेली आणि ताशी ५५ मैलांची देशव्यापी वेगमर्यादाही गेली. मग दुसरी लाट आली : १९९७ मध्ये आर्कान्सा आणि टेक्सास, १९९८ मध्ये केंटकी, १९९९ मध्ये लुईझियाना, २००० मध्ये फ्लोरिडा, २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया.

९. विमा काढला तर हेल्मेट नको, हा काय प्रकार आहे?

सायमन खटल्यातल्या युक्तिवादाला (प्रश्न ६) चळवळीने आणि आमदारांनी मिळून शोधलेलं हे उत्तर आहे. समाजावर खर्च पडतो म्हणता ना, मग खर्चाची सोय आम्ही करतो. फ्लोरिडात २१ वर्षांवरील व्यक्तीकडे किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर हेल्मेट नसलं तरी चालतं. मिशिगनमध्ये २०,००० डॉलर, सोबत दोन वर्षांचा परवाना किंवा प्रशिक्षण. पेनसिल्व्हेनियात विम्याची अट नाही, पण २१ वर्षं पूर्ण हवीत आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा सुरक्षा वर्ग हवा.

अमेरिकेत ज्याने अतिदक्षता विभागाचं बिल पाहिलं आहे त्याला १०,००० डॉलर म्हणजे काय ते सांगायला नको. मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या उपचारात ते पहिल्या एकदोन दिवसांत संपतात. पुढचे महिने, पुनर्वसन, गेलेली नोकरी, हे कोणाच्या नावावर? शिवाय ताशी ६० मैलांनी जाणाऱ्या माणसाचं वय किती आणि त्याच्या खिशात विम्याचं कार्ड आहे का, हे पोलिसाला बाहेरून कसं दिसणार? डोक्यावर हेल्मेट आहे की नाही हे लांबून दिसतं. अर्धवट कायदा प्रत्यक्षात राबवता येत नाही, आणि त्यामुळे ज्या पोरांसाठी तो ठेवला आहे तीही हेल्मेटशिवाय फिरतात. या अटींबद्दल माझं मत वाईट आहे, ते यासाठी.

१०. सक्ती उठल्यावर मृत्यू खरंच वाढले का? दोन्ही बाजू आकडे फेकतात.

वाढले. आकडे कसे वाचायचे ते मात्र पाहू.

उलट्या दिशेचं उदाहरण आधी घेऊ, कारण ते स्वच्छ आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९२ ला सर्वांसाठी सक्ती आली. आमदार डिक फ्लॉइड अनेक वर्षं त्यासाठी झगडत होते. आधीच्या गव्हर्नरांनी त्यांचं विधेयक परत पाठवलं होतं, पीट विल्सन यांनी सही केली. हाडं मोडून घेण्यासाठीच प्रसिद्ध असलेले स्टंटबहाद्दर ईव्हल निव्हल यांनीही १९८७ मध्ये तिथल्या समितीसमोर हेल्मेटच्या बाजूने साक्ष दिली होती. हेल्मेटचा वापर सुमारे ५० टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर गेला, आणि मोटरसायकल अपघातांतले मृत्यू १९९१ मध्ये ५२३ होते ते १९९२ मध्ये ३२७ झाले.

आता फ्लोरिडा. सक्ती उठण्याआधीच्या १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत ५१५ मोटरसायकलस्वार गेले. नंतरच्या २००१ ते २००३ या तीन वर्षांत ९३३. चळवळीचं म्हणणं, त्या काळात गाड्याच किती वाढल्या ते पाहा. बरोबर आहे, नोंदणी झालेल्या गाड्या वाढल्याच होत्या आणि वाढीचा मोठा वाटा त्यांचा. पण गाड्यांच्या संख्येशी भागाकार करून पाहिलं तरी मृत्यूचं प्रमाण वाढलेलंच दिसतं. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे हेल्मेटमुळे चालवणाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी आणि मागे बसणाऱ्याची ४१ टक्क्यांनी कमी होते. या आकड्याशी फ्लोरिडाचा अनुभव जुळतो.

चळवळीचा एक आक्षेप मला मान्य आहे. हेल्मेट अपघात टाळत नाही. वळणावर समोरून डावीकडे घुसणारी मोटार, दारू, अर्धवट शिकलेला चालक, यांवर हेल्मेटचा कायदा काही करत नाही, आणि सरकार कायदा करून हात झटकतं तेव्हा राग येणं साहजिक आहे. पण म्हणून हेल्मेट काढायचं, हे त्यातून निघत नाही.

११. हेल्मेटमुळे मान मोडते, ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, यात किती तथ्य?

मानेचा मुद्दा १९८० च्या दशकात एका अर्थशास्त्रज्ञाने केलेल्या आकडेमोडीतून आला आणि प्रत्येक सुनावणीत वाचला गेला. पुढे खूप मोठ्या माहितीसाठ्यावर तपासणी झाली. २०११ साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ४०,००० हून जास्त अपघातग्रस्तांच्या नोंदी पाहिल्या, त्यात हेल्मेट घातलेल्यांना मानेच्या मणक्याची इजा २२ टक्क्यांनी कमी आढळली. ऐकण्या-पाहण्याबद्दल म्हणाल, तर १९८१ चा प्रसिद्ध हर्ट अहवाल आहे. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन तो तयार झाला. हेल्मेटमुळे ऐकू न येऊन किंवा न दिसून अपघात झाल्याचं त्यात आढळलं नाही.

१२. अलीकडे कुठे सक्ती उठली? आणि उठलेली परत येते का?

मिशिगनमध्ये गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी २००६ आणि २००८ अशी दोनदा विधेयकं अडवली. गव्हर्नर बदलले, रिक स्नायडर यांनी २०१२ मध्ये सही केली. मिझुरीत २००९ मध्ये गव्हर्नर जे निक्सन यांनी व्हेटो वापरला, २०२० मध्ये माइक पार्सन यांनी सही केली. आता तिथे २६ वर्षांखालच्यांना सक्ती, त्यावरच्यांना आरोग्य विमा हवा. नेब्रास्कात १९८९ पासूनचा कायदा २०२३ मध्ये बदलला आणि १ जानेवारी २०२४ पासून २१ वर्षांवरील, सुरक्षा वर्ग केलेल्या स्वारांना मोकळीक मिळाली. डोळ्यांना संरक्षण मात्र लागतंच.

तिन्ही ठिकाणी पद्धत एकच. तेच विधेयक प्रत्येक अधिवेशनात. हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा. बाजूने मत देणाऱ्या आमदाराच्या प्रचाराला गाड्या घेऊन जायचं, विरोधात गेलेल्याला निवडणुकीत विसरायचं नाही. त्यांच्या मागणीशी माझं जमत नाही, पण चिकाटीला दाद द्यावीच लागते. डॉक्टर, परिचारिका, अपघातात मुलगा गमावलेले आईबाप सुनावणीला येतात, दोन मिनिटं बोलतात आणि घरी जातात. समोरची माणसं वर्षभर तिथे असतात. हा लढा जिथे हरला जातो तिथे तो असा हरला जातो.

परत येण्याचं ठळक उदाहरण लुईझियानाचं. १९९९ मध्ये उठवलेली सक्ती तिथे २००४ मध्ये गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांच्या काळात परत आली आणि आजही आहे.

१३. पगडी बांधणाऱ्या शीखांचं काय? ते याच लढ्यात येतात का?

नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते कायदा रद्द करा म्हणत नाहीत, धर्माच्या आचरणापुरती सूट मागतात. ब्रिटनमध्ये १ जून १९७३ पासून हेल्मेट सक्तीचं झालं आणि १९७६ मध्ये संसदेने पगडीधारी शीखांना कायद्याने सूट दिली. साउथॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांनी ते विधेयक आणलं होतं. भारताच्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ मध्येच ही सूट आहे.

ब्रिटनमधल्या सक्तीविरोधकांना तेव्हा वाटलं की एकाला सूट मिळते तर सर्वांना का नाही. फ्रेड हिल हे निवृत्त शिक्षक हेल्मेटऐवजी बेरे टोपी घालून मोटरसायकल चालवत, दंड भरत नसत, आणि तुरुंगात जात. अशा ३१ शिक्षा त्यांनी भोगल्या. १९८४ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात असताना त्यांचा मृत्यू झाला. तिथले रायडर आजही त्यांचं नाव घेतात. कायदा बदलला नाही.

१४. मग पुण्यातला हेल्मेट विरोध हा त्याचाच भाऊ म्हणायचा का?

शब्द सारखे आहेत, ‘सक्ती नको’. पण मुळं वेगळी. अमेरिकेत मोटरसायकल ही बहुतेकांची हौस आहे. पुण्यात दुचाकी म्हणजे दूध आणण्यापासून मुलाला क्लासला सोडण्यापर्यंतचं घरचं वाहन. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा पुणेरी पगड्या घालून निघालेले मोर्चेकरी जे सांगत होते ते रोजच्या अडचणींचं होतं : शहरात वेग किती असतो, रस्ते आधी नीट करा, हेल्मेट ठेवायचं कुठे, दंडवसुलीच महत्त्वाची का. केंद्र-राज्य अधिकार किंवा विम्याची भाषा त्यात नव्हती.

कायद्याच्या बाजूनेही फरक आहे. भारतात हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे अमेरिकेसारखं एकेक राज्य जिंकत जाता येत नाही. घटनेचा रस्ताही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच बंद केला. आंध्र प्रदेशच्या हेल्मेट नियमाला अजय कानू खटल्यात आव्हान दिलं होतं, मुक्त संचाराच्या हक्कावर गदा येते म्हणून. हेल्मेटने संचार अडत नाही, तो सुरक्षित होतो, या अर्थाचा निकाल देऊन न्यायालयाने ते फेटाळलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आहे. न घातल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन. म्हणून पुण्यात लढाई कायद्यावर होत नाही, अंमलबजावणीवर होते.

‘शहरात वेग कमीच असतो’ हे मी स्वतः कॉलेजात असताना म्हणत असे. लक्ष्मी रोडवर आमच्या वर्गातला एक जण थांबलेल्या रिक्षाच्या उघडलेल्या दाराला अडकून पडला. वेग पंचवीसही नसेल. तो वाचला, पण त्याला आमची नावं पुन्हा पाठ करावी लागली. तेव्हापासून मी ते वाक्य म्हटलेलं नाही.

१५. फिरायला आलो आणि बाईक भाड्याने घेतली, तर कोणत्या राज्याचा नियम पाळायचा?

ज्या राज्यात चाकं आहेत त्या राज्याचा. परवाना कुठला, गाडीची नोंदणी कुठली, याचा संबंध नाही. पेनसिल्व्हेनियात मोकळं डोकं चाललं तरी पुलाच्या अलीकडे न्यू जर्सीत पावती फाटेल. ऑगस्टमध्ये साउथ डाकोटात स्टर्जिसचा मोठा मेळावा असतो, तिथे १८ वर्षांवरील स्वारांना सक्ती नाही. पण तिथवर जाताना किती राज्यं लागतात ते आधी पाहा. ज्या अटी विम्यावर अवलंबून आहेत (प्रश्न ९), तिथे प्रवासी विमा त्या अटीत बसेल असं गृहीत धरू नका. भाड्याच्या करारातही हेल्मेटची स्वतंत्र अट असू शकते, सही करण्याआधी ती वाचा.

१६. हेल्मेट नव्हतं म्हणून नुकसानभरपाई कमी मिळते का? कायद्याने तर मोकळीक होती.

मिळू शकते. कायद्याने हेल्मेट बंधनकारक नव्हतं, एवढ्याने हा प्रश्न मिटत नाही. काही राज्यांत समोरच्या पक्षाला ‘हेल्मेट असतं तर डोक्याची इजा टळली असती’ असा पुरावा मांडता येतो आणि तेवढ्या इजेपुरती रक्कम कमी होऊ शकते. काही राज्यांत असा पुरावा चालत नाही. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा संबंध सहसा येत नाही, डोक्याला मार असेल तर हमखास येतो. अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या माणसाला फोनवर हेल्मेटबद्दल काहीही सांगण्याआधी त्या राज्यातल्या वकिलाशी बोला.